फिर्यादीतला कूलर

माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या शेकडो फिर्यादींपैकी एका फिर्यादीतला एक शब्द मला अजून टोचतो. चूक माझी होती, म्हणून ती आधीच कबूल करतो. नावे मात्र कुणाचीच लिहीत नाही.

तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत गाडीचे आरसी बुक घेऊन समोर उभे राहिले. बसा म्हटले तरी बसेनात. गाव पारशिवनीकडचे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी धरमपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी चालवली होती. डॉक्टर अमेरिकेत शिकून परतताना तिकडची एक जुनी स्टेशन वॅगन जहाजाने घेऊन आले होते. शेवटच्या आजारपणात त्यांनी ती रीतसर या ड्रायव्हरकाकांच्या नावे करून दिली. अट एकच, गाडी विकायची नाही.

काकांनी ती गावात नीट सांभाळली. दोन महिन्यांपूर्वी रंग द्यायला म्हणून कळमन्याच्या बाजूच्या एका गॅरेजात टाकली. आणायला गेले तर गॅरेजवाला म्हणाला, "तुम्हीच तर भंगारात दिली. तोडून टाकली मी."

"गावातले लोक म्हनून राहिले, बुढ्यानं डाक्टरची गाडी विकून खाल्ली," काका म्हणाले. "गाडी नाई भेटली तरी चालन, साहेब. पन म्या विकली नाई, हे तुमच्या कागदावर येऊ द्या."

मी फिर्याद लिहायला घेतली. गाडीचे वर्णन विचारले. लांबलचक, फिकट हिरवी. छतावर सामानाचा कठडा. सीटच्या तीन रांगा, त्यातली शेवटची उलटी, म्हणजे बसणाऱ्याचे तोंड मागच्या रस्त्याकडे. मागच्या दाराची काच बटणावर खाली जाते. "अन् कुलर हाये," असे त्यांनी शेवटी सांगितले.

मी लिहिले, 'वातानुकूलन यंत्र'.

नियमाप्रमाणे फिर्याद वाचून दाखवली. काकांनी मान हलवली आणि सही केली.

आठवड्याभरात आमच्या हवालदाराच्या खबऱ्याने खबर आणली. त्याच गॅरेजमागच्या गोदामात ताडपत्रीखाली एक लांब गाडी आहे आणि परराज्यातला एक शौकीन ती बघायला येणार आहे. आम्ही दोन पंच घेऊन गेलो. ताडपत्री ओढली तर खाली गडद लाल, ताज्या रंगाची स्टेशन वॅगन.

"साहेब, ही गाडी हाये का लग्नाचा मांडव?" हवालदार म्हणाला.

गॅरेजवाला जराही दचकला नाही. "ही वेगळी आहे ना साहेब. त्यांची कधीच तुटली. हिचे कागद पाहा, सब बराबर आहे." कागद खरेच होते. दाराच्या खांबावरच्या, कारखान्याच्या पत्र्याच्या पट्टीतला नंबर त्या कागदांशी जुळत होता. चेसिसवरचा नंबर गंजला होता की घासला होता, ते डोळ्यांनी ठरवता येत नव्हते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता. गाडी जप्त केली. गॅरेजवाल्याचा अर्ज न्यायालयात लगेच दाखलही झाला आणि चार दिवसांनी सुनावणी ठरली. मालमत्ता परत मिळावी, एवढीच त्याची मागणी. एकदा गाडी परराज्यात गेली असती, तर काकांचा शब्द गावात कायमचा खोटा ठरला असता.

जुन्या विदेशी गाड्यांचे मूल्यमापन करणारे एक निवृत्त प्राध्यापक शहरात होते. त्यांना बोलावले. सर बॅटरी, लोहचुंबक आणि वही घेऊन आले आणि तीन तास गाडीच्या आतबाहेर फिरले. मी शाळकरी मुलासारखा त्यांच्या मागे मागे.

त्यांनी मला समजावून सांगितले, की अमेरिकेत त्या काळी एकच मॉडेल गिऱ्हाईक आपल्या पसंतीने सजवून मागवत असे. तिसरी सीट हवी का, मागची काच हाताने फिरवायची की विजेवर, छताला कठडा, रेडिओ, एसी, सगळे पैसे भरून निवडायचे. कारखाना त्याप्रमाणे गाडी बांधायचा आणि पत्र्याच्या पट्टीवर सांकेतिक अक्षरे ठोकायचा. आज किंमत ठरवताना आधी ती पट्टी वाचायची आणि मग गाडी. दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर भाव चढतो.

"आणि इथे?"

"इथे पट्टी म्हणते सीटच्या दोन रांगा, काच हाताने. गाडी म्हणते तीन रांगा, काच विजेवर."

गॅरेजवाला बाजूलाच उभा होता. "तिसरी सीट मीच बसवली, सर. मोटरपण."

सरांनी त्याला मागे नेले आणि गालिचा उचलला. उलट्या सीटवर बसणाऱ्याचे पाय ठेवायला तळाच्या पत्र्यातच खोलगट भाग होता. कुठे जोड नाही, वेल्डिंग नाही. "हा तळ कारखान्यातच असा दाबून निघतो. गॅरेजात सीट बसवता येते भाऊ, तळ कुठून आणला?"

पट्टी दुसऱ्या गाडीची होती हे उघड झाले. पण तेवढ्याने ही गाडी काकांची ठरत नव्हती. त्यातच सरांनी वहीतून मान वर करून म्हटले, "तुमच्या फिर्यादीत एसी लिहिलाय. या गाडीला एसी कधीच नव्हता. डॅशबोर्डात जागा नाही, इंजिनाशी त्याचे ब्रॅकेटही नाही."

हे ऐकताच गॅरेजवाला पुढे सरसावला. "सांगत होतो ना साहेब! त्यांची एसीवाली होती. ही नाही."

खरे सांगतो, म्हातारा खोटे बोलतोय की काय, अशीही शंका क्षणभर आली. दुसऱ्या दिवशी काकांना ठाण्यात बोलावले आणि जरा कडकच विचारले, "काका, गाडीला एसी होता ना?"

"एशी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "एशी काहून राहीन? म्या कुलर म्हनलो होतो."

"गाडीतला कूलर म्हणजे एसीच ना?"

आता हवालदाराला राहवले नाही. "साहेब, तुम्ही नागपुरातच राहता ना? कूलर म्हनजे कूलर! वाळा, पानी अन् हवा."

काकांनी हाताने आकार दाखवला. "डाक्टरसायबाले उन्हायात लय तरास व्हाये. म्या गावच्या लोहाराकून लोखंडाची चौकट बनवली, त्यात वाळा भरला. डाव्या मागच्या खिडकीले बाहेरून बोल्टानं कसली. वरतं पान्याचा डब्बा. गाडी चालली का थंडी हवा. लोक हासत, पन डाक्टरसायब झोपून जात."

"मग मी 'वातानुकूलन यंत्र' वाचून दाखवले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही कायतरी मोठं लिवलं होतं, साहेब. मले वाटलं, कुलरले कागदावर तसंच म्हनत असन."

मी उठलो आणि सरांची वही मागवली. दोषांच्या यादीत पाचव्या ओळीला लिहिले होते, 'डाव्या मागच्या खिडकीखाली चार जागी लोहचुंबक चिकटत नाही. पुट्टी भरली आहे. कारखान्याचे काम नाही. किंमत कमी धरावी.'

"काका, ती चौकट कुठे आहे?"

"गोठ्यात. रंगाले देतानी काढून ठेवली. कोंबड्या बसतात तिच्यावर."

चौकट गावाहून आली. तिच्यावर कोंबड्यांच्या खुणा तशाच होत्या. पंचांसमोर सरांनी रंग खरवडला आणि पुट्टी काढली. चार भोके उघडली. त्यातले एक बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली होते. चौकटीचेही एक भोक बोटभर खालीच होते. काकांनी पुढे होऊन चारही बोल्ट हातानेच फिरवून बसवले.

"लोहार त्या दिवशी घाईत होता," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याला चौकशीला बसवले. मी आवाज चढवला नाही, चौकटीचा फोटो फक्त टेबलावर ठेवला. त्याने तो उचलून पाहिला. मग म्हणाला, "कंपनीचं सगळं ध्यानात ठेवलं होतं, साहेब. याच्यावर पुट्टी मारली अन् विसरलो." त्यानेच पुढे गॅरेजातल्या ग्रीसच्या डब्यातून मूळ पट्टी काढून दिली. तिच्यावर तीन रांगा होत्या, विजेची काच होती, आणि तिचा नंबर काकांच्या आरसी बुकाशी जुळत होता. तसा पंचनामा झाला. दुसऱ्या कुणाच्या मोडीत गेलेल्या गाडीचे कागद आणि पट्टी त्याने या गाडीला लावली होती.

सुनावणीच्या आधी मी फिर्यादीचा पुरवणी जबाब घेतला. त्यात चूक कशी झाली ते लिहिले आणि काकांचा शब्द अवतरणचिन्हांत टाकला, 'कुलर'. न्यायालयाने गॅरेजवाल्याचा अर्ज फेटाळला आणि गाडी सुपुर्दनाम्यावर काकांच्या ताब्यात दिली.

ती नेण्याच्या दिवशी सरही आले होते. त्यांनी प्रेमाने सल्ला दिला, "ती भोके नीट बुजवून घ्या आणि चौकट परत लावू नका. मूळ रूपात ठेवाल तर चांगली किंमत येईल."

काका चौकट बसवतच होते. "इकाचीच नाई, तं किंमत काय करू, गुर्जी?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "साहेब, तो कागद भेटन का? गावात दाखवाले." मी न्यायालयाच्या आदेशाची प्रत दिली. आरसी बुकाच्या पिशवीत त्यांनी ती घडी न मोडता ठेवली.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. घरी आम्हीही 'कुलर'च म्हणायचो. पण कॉलेजात माझ्या बोलण्याला हसणारे भेटले आणि तेव्हापासून आपले शब्द झाकून ठेवायची सवय लागली. त्या दिवशी काकांचा शब्द मी कुणाला नीट कळावा म्हणून बदलला नव्हता. आपली फिर्याद शिकलेल्या माणसाची दिसावी म्हणून बदलला होता. गॅरेजवाल्याने भोकांवर पुट्टी भरली, तशी मी शब्दावर भरली, आणि माझी पुट्टी त्याच्याच उपयोगाला आली.

पुढे निवृत्त होईपर्यंत माणूस जे म्हणाला तेच मी लिहीत गेलो. कळले नाही तर पेन खाली ठेवून विचारायचो, "म्हणजे काय गा?"