जयंतीची सुई

लोकांना मलेरिया उलटतो, मला त्या तीन इंग्रजी रेकॉर्डी उलटतात. दोन-तीन वर्षं नाव काढत नाही, मग एखाद्या रविवारी त्यांतली एक लावतो आणि पुढचा महिनाभर घरात दुसरं काही वाजत नाही. बायको म्हणते, "आलं का तुमचं भूत?" आलं. ते पहिल्यांदा आलं तेव्हा काय घेऊन गेलं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

वडील भिवपुरीच्या वीजघरात हेल्पर होते. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो, आमची भावकी पोशीरच्या बौद्धवाडीत. वाडीनं मिळून एक रेकॉर्ड प्लेअर घेतला होता, सेलवर चालणारा. कुलपाचं कपाट फक्त आमच्याकडे, म्हणून तो आमच्या घरी असायचा. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या जयंतीला, वडील तो धुतलेल्या चादरीत बांधून वाडीत न्यायचे. पंचशीलाच्या झेंड्याखाली बुद्धवंदनेची रेकॉर्ड त्यांच्याच हातानं लागायची आणि मगच कार्यक्रम सुरू व्हायचा. एरवी साहेबांच्या बंगल्यांवर सामान वाहणारा हा माणूस त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मधोमध उभा असायचा.

मी अकरावीत असताना बदली झालेले एक साहेब जाताना तीन रेकॉर्डी वडिलांच्या हातात देऊन गेले. वडिलांनी त्या मला दिल्या. त्यांतल्या काळ्या कव्हरच्या रेकॉर्डनं मला पार कामातून उठवलं. दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्यात गिटार अशी काही उसळायची की मी सुई उचलून पुन्हा तिथंच टेकवायचो. वडील ड्यूटीवर गेले की मी कपाट उघडायचो. रोज. दुपारभर तीच बाजू.

फेब्रुवारीत वाडीनं मला मुंबईहून नवी सुई आणायला सांगितली, जयंतीसाठी. आणली. जयंतीला दोन महिने होते. तेवढ्यात ती थोडीच झिजते, असं म्हणून मी ती बसवली आणि जुनी फेकून दिली. मार्च संपता संपता माझी रेकॉर्ड खरखरू लागली. मला कळलं होतं. कळूनही मी ती बाजू पुन्हा लावली.

जयंतीला सगळी वाडी हात जोडून उभी होती. वडिलांनी सुई टेकवली. कर्ण्यातून एक ओळ घशात हाड अडकल्यासारखी आली, मग नुसती खरखर, मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मागे पोरं हसली. वडिलांनी फुंकर मारून पुन्हा लावली. सुई उचलून डोळ्यांजवळ नेली. मग माझ्याकडे पाहिलं.

"नवी सुई आणली व्हती ना रं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "आणली व्हती. बसवाया मीच इसरलो. माझी चूक हाय."

मी गप्प बसलो. तेवढं मला चांगलं जमलं.

मशीन दुसऱ्याच्या घरी गेलं. पुढच्या जयंतीपासून वडील मागच्या रांगेत उभे राहू लागले. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते, दोन लगावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पुढे मी रसायनीच्या कारखान्यात लागलो, स्वतःचा प्लेअर घेतला. तेव्हा वडील रिटायर होऊन माझ्याकडे राहायला आले होते. भूत पुन्हा आलं होतं, मी तीच दुसरी बाजू लावून बसलो होतो. ते दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"ही तीच ना रं?"

"हो, आबा."

"काय म्हनतोय त्यो?"

पाचशे वेळा ऐकलेलं गाणं. मी तोंड उघडलं आणि मला एकाही ओळीचा अर्थ सांगता आला नाही.

"मला पण नाय समजत, आबा."

 ते "बरं" म्हणाले आणि आत जाऊन पडले.

या महिन्यात ती रेकॉर्ड पुन्हा काढली आहे. सुई नवी कोरी आहे.