खालची आई
माळ्यावरून गोधड्या काढल्या की डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो आणि मला नदीकाठच्या मोहने गावातलं आमचं पहिलं घर आठवतं. वेळेआधी जन्मलेल्या लेकीला नुकतंच घरी आणलेलं. "तिला ऊब कमी पडू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून हीटर सतत चालू असायचा. आणि ऐन जानेवारीत ट्रान्सफॉर्मर जळाला. नदीकडून बोचरा वारा यायचा, फरशीवर पाय ठेववत नव्हता. नवरा आणि मी आळीपाळीने बाळाला उघड्या छातीशी धरून बसलो. दुसऱ्या दिवशीही वीज आली नाही, त्यात सकाळी मलाच ताप भरला. डॉक्टर फोनवर म्हणाले, बाळाला आईपासून लांब ठेवा. नवरा एकटा पडला, बसल्या बसल्या पेंगायला लागला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई मेणबत्त्या द्यायला आल्या. आमची ओळख जिन्यात हसण्यापुरतीच. बाळाचे गार तळवे चाचपून त्या म्हणाल्या, "अगं, मला हाक मारायचीस ना! दे इकडे." हात धुऊन त्यांनी बाळाला थेट छातीशी घेतलं आणि पेटीतून नुकतीच काढलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी आपली गोधडी वरून ओढली. "तुमचं ऑफिस?" मी विचारलं. "राहू दे गं ऑफिस. तू झोप." संध्याकाळी दिवे आले तेव्हाही त्या भिंतीला टेकून तशाच बसलेल्या, आणि बाळाचे तळवे छान कोमट झालेले. ते घर सोडून आता बरीच वर्षं झाली. तरी कॉलेजात जाणारी माझी लेक त्यांना अजून 'खालची आई' म्हणते, आणि आई हा शब्द त्यांच्याशी वाटून घेताना मला कधीच जड गेलेलं नाही.