मी धुऊन काढलेला अल्बम

आमच्या बँडमध्ये दोघंच होतो. मी गिटार वाजवायचो आणि शहाणपण करायचो. बाकी सगळं, म्हणजे कीबोर्ड, लॅपटॉपवरचे ठोके आणि गाणं, माझ्या शाळेपासूनच्या मित्राकडे होतं. कामठ्याला त्याच्या मामाच्या राईस मिलमधल्या एका खोलीत आम्ही स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदाना ठोकला. मिल बंद असेल त्या दिवशीच रेकॉर्डिंग व्हायचं, तरी माइकवर कोंडा बसायचाच. मिलच्या पट्ट्याची धडधड त्याने फोनमध्ये टिपून ठेवली होती आणि तिचाच ताल केला होता. असं काही मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही, आणि हे मी मित्र म्हणून बोलत नाही.

आठ गाणी झाली. त्यातलं मुख्य गाणं इटियाडोह धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या बाईचं. "नहराले पानी नाई आलं वो माय," असं तो अगदी पोटातून गायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. आणि तरीही मी म्हटलं, "हे बदलू. पुण्यातले लोक हसतील."

पुण्यात मी तीन वर्षं शिकलो होतो. पहिल्याच आठवड्यात "जाऊन राहिलो" म्हटलं आणि सगळी खोली हसली. ती धास्ती मी घरी घेऊन आलो आणि त्याच्या माथी मारली.

"काऊन?" तो म्हणाला. "मी असाच बोलतो ना बे. माही माय असीच बोलते."

"मायला नाही, लोकांना ऐकवायचंय."

तो बराच वेळ कीबोर्डची वायर गुंडाळत बसला. मग गायला, "कालव्याला पाणी अजून आले नाही." मी मास्तरासारखा समोर बसून आठही गाण्यांचे उच्चार दुरुस्त केले. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून जुनी रेकॉर्डिंग मीच पुसून टाकली.

अल्बम इंटरनेटवर आला. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, रात्रीचं दंडारीचं नाटक सुरू व्हायच्या आधी आम्ही तो भोंग्यावर लावला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "बातम्या लागल्या का बे?" पुण्याच्या एका वेबसाइटवर परीक्षण आलं. ताल अस्सल आहे, पण गाणारा कुठला हे कळत नाही, मातीचा वास नाही, असं लिहिलं होतं. ज्यांच्या हसण्याला भिऊन मी माती धुऊन काढली, त्यांनाच आता वास हवा होता! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पण खरी समीक्षा त्याच्या आईने केली. अंगणात तांदूळ निवडता निवडता त्यांनी सगळं गाणं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "चांगला हाये. पन बाबू, हा कोन गाऊन राहिला?"

तो शेजारीच उभा होता. "कोनी नाई, माय," म्हणत त्याने फोन बंद केला. त्यानंतर तो स्टुडिओत आला नाही. मी दोनदा घरी गेलो, पण माफी मागायचं धाडस झालं नाही. पुढे तो लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या एका धुमाल पार्टीत कीबोर्डवर लागल्याचं कळलं, आणि मी, मेला निर्लज्ज, त्यालाच हसलो.

यंदा अर्जुनी मोरगावला एका लग्नाला गेलो. वरातीपुढे धुमालची गाडी होती आणि गाडीवर तो. मिलच्या पट्ट्याचा तोच ताल सुरू झाला आणि त्याने माइक तोंडाशी धरला. "नहराले पानी नाई आलं वो माय." बायका डोक्यावरचा पदर कमरेला खोचून नाचायला लागल्या. म्हातारेही नाचले. त्याने मला पाहिलं आणि गात राहिला.

शेजारच्या पोराने फोन काढला. "भैया, मस्त गाना है यार. याचा अल्बम निघाला का?"

"नाही," मी म्हणालो.