कोण राहिलं?
तुमच्या घरी जी स्वयंपाक करते, ती तुमच्याबरोबर जेवायला बसते का? तिळाच्या तेलात आलं परतल्याचा वास आला की मला सिंगापुरातल्या सेंगकांगमधली ती दुपार आठवते. शेजारच्या चिनी आजोबांनी जेवायला बोलावलं होतं. ते निवृत्त शिक्षक, थोरांचा मान राखायला शिकवणाऱ्या कन्फ्युशियसला मानणारे. मी समतेच्या पत्रकांवर वाढलेली, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटलो तरी आमचा वाद जुंपायचा. टेबलावर त्यांच्या नातीने रिवाजाप्रमाणे मोठ्यांना एकेक करून हाक मारली, "आजोबा, जेवा. आजी, जेवा. आंटी, जेवा." ही आंटी म्हणजे मी. "लहानपणापासून मान तुकवायला शिकवता," मी म्हणाले. "असे नागरिक प्रश्न कधी विचारणार?" आजोबा हसले, पण त्यांनी चॉपस्टिक्स उचलल्या नाहीत. "कोण राहिलं?" त्यांनी नातीला विचारलं. "सगळे झाले, लाह. भूक लागली," ती तिथल्या बोलीच्या लकबीत म्हणाली. "स्वयंपाक कोणी केला? ती तुझ्याहून मोठी नाही?" मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि त्यांच्याकडे कामाला असलेल्या इंडोनेशियन बाईंना म्हणाली, "आंटी, जेवा." "मी मागून जेवते," त्या म्हणाल्या. आजोबा तसेच बसून राहिले. सूप निवत गेलं. शेवटी त्या हात पुसत आल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि मगच आजोबांनी पहिला घास घेतला. आमच्या घरी समतेची पत्रकं जेवणाच्या टेबलावरच दुमडली जायची, आणि आई मात्र सगळ्यांच्या मागून जेवायची. आज तुम्ही एवढंच करा: घरात जी स्वयंपाक करते तिला हाक मारा, आणि ती येऊन बसेपर्यंत घास उचलू नका.