वेगळं करा

मानवशास्त्राच्या अभ्यासक सुजाताताई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, किती डोकी मोजणार?" मानवशास्त्र म्हणजे कवट्यांना फूटपट्टी लावणं, एवढंच मला ठाऊक. त्या हसल्या. "मोजत नाई भाऊ, आयकते."

त्या साकोलीकडच्याच. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसं ताप का लपवतात, हे समजून घ्यायला लाखांदूर तालुक्यात आल्या होत्या. कुणाच्याही ओट्यावर बसायच्या आणि विचारायच्या, "काय रांधलं आज?" तापाचं नावच नाही. मी आरोग्य सहायक. मला वाटायचं, बाईंना जेवायला तरी वाढा कुणीतरी.

माझं काम मात्र जोरात होतं. ऑटोला भोंगा बांधून मी गावात ओरडत फिरायचो, "ताप आलेल्या माणसाला ताबडतोब वेगळं करा!" 'विलगीकरण' लोकांना कळत नाही म्हणून मीच ते सोपं केलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान. आठवडाभर एकही ताप सापडला नाही. मी अहवालात 'निरंक' लिहिलं आणि श्रेय भोंग्याला दिलं.

एका सकाळी ताई रोजच्यासारख्या माझ्या मामीकडे बसल्या. मीही सोबत होतो. मामा सानगडीला लेकीकडे गेलाय, असं मामीनं सांगितलं होतं आणि मी चहा पिऊन विश्वास ठेवला होता. ताईंनी नेहमीचं विचारलं.

"मऊ भात," मामी म्हणाली.

"चार दिवस झाले, मऊच भात? दात तं समद्यांचे शाबूत हायेत, मामी."

मामीला रडूच फुटलं. आत धानाच्या पोत्यांआड मामा धापा टाकत पडला होता.

"तुहाच भोंगा बोंबलून राहिला ना रे," ती माझ्यावर उसळली, "बुढ्याले वेगळं करा म्हून! जन्मभर एका चुलीवर खाल्लं, आता कायले वेगळं करू?"

आमच्याकडे वेगळं करणं म्हणजे वाटणी, चूल निराळी. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी स्वतः भावापासून वेगळा निघालेला माणूस.

मामाला रुग्णालयात ऑक्सिजन लावला. वाचतो की नाही, कुणी सांगेना. इकडे ताई मामीलाच विचारत होत्या, "बाजूच्या खोलीत ठेवता अन् तरी लाडानं खाऊ घालता, असं घरात कोन असते?"

"बाळंतीण," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझा भोंगा ओरडू लागला, "ताप आलेल्याला बाळंतिणीसारखं जपा! खिडकी मात्र उघडी ठेवा!" संध्याकाळपर्यंत गावात इतक्या मिशीवाल्या बाळंतिणी निघाल्या की माझी वही पुरेना.

मामा परतला तो नेमका बाराव्या दिवशी. मामीनं डिंकाचे लाडू केले होते. "मले बाळंतीण केलं बे यानं," म्हणत त्यानं तीन खाल्ले.

ताई तुमसरच्या एसटीत बसल्या. तिथले राइस मिलचे मजूर ताप लपवत होते. मी उदारपणे म्हणालो, "तिकडंही बाळंतिणीचंच सांगा."

"तिथं कोनता शब्द आडवा आला, मले काय मालूम, भाऊ? आयकावं लागन."

बस सुटली. मी तिथल्या सहायकाला फोन लावला, "ताई येऊन राहिल्या. तोवर भोंगा बंद ठेव."