पोस्टरवरची ऑपरेटर

आमच्या गोदामात माल येतो आणि जातो, किस्से मात्र येतात आणि इथेच पडून राहतात. न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर आमच्याकडे रिकामे होतात आणि मी त्यातली खोकी मोजतो. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. त्यामुळे ऐकलेलं सगळं साठत गेलं. हे किस्से आमच्याकडे समानता आली त्या दिवसांतले.

*

आमचे मॅनेजर पाटकर साहेब. एक दिवस त्यांना हेड ऑफिसचा मेल आला. त्यांनी शिंदे मुकादमांना बोलावलं. मुकादमांची हमालांची टोळी सातारा जिल्ह्यातल्या एकाच गावची, निम्म्यांचं आडनावही शिंदेच.

"मुकादम, आपल्याकडे विविधता नाही. दुसऱ्या भागातली माणसं आणा."

पुढच्या आठवड्यात मुकादम पोपटला घेऊन आले.

"हा कुठला?"

"नदीच्या पलीकडचा, सायेब. आमचं आन् त्यांचं जमत न्हाई."

"उत्तम. हेच पाहिजे होतं."

दुपारी पोपटचा डबा बघायला सगळी टोळी जमली. आत भाकरी आणि पिठलं निघालं. लोकांची जरा निराशाच झाली.

*

मग समान संधी समिती निघाली. तिच्यात एकट्या मलाच घेतलं. मी आठवीत शाळा सोडलेला, म्हणून विचारलं, "साहेब, मी कशाला?"

"तू कधी बोलत नाहीस. म्हणजे तू निःपक्षपाती."

पहिलाच अर्ज वैशालीताईंचा आला. त्या सारसोळ्याच्या, खोक्यांवर लेबलं लावतात. त्यांनी माल उचलायच्या फोर्कलिफ्ट गाडीचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट होतं, लायसन्स होतं. आमचा एक ऑपरेटर दुबईला गेल्यामुळे जागाही रिकामी होती. ती जागा त्यांना पाहिजे होती.

साहेब म्हणाले, "आधी समानतेचं पोस्टर लागू दे. मग बघू."

*

पोस्टरसाठी फोटोग्राफर आला. त्याला फोर्कलिफ्टवर बाई पाहिजे होती. वैशालीताईंना पिवळं हेल्मेट घालून सीटवर बसवलं. गाडीचा दिवा पेटलेला दिसावा म्हणून साहेबांनी स्वतः कपाटातली डुप्लिकेट चावी काढून दिली. आमचे जुने आणि आता एकटेच उरलेले ऑपरेटर रफिकभाई चाकाजवळ उकिडवे बसले, गाडी चुकून सुटलीच तर म्हणून. ती सुटली असती तर रफिकभाई नेमकं काय करणार होते, ते कोणी विचारलं नाही.

"मॅडम, थोडं हसा," फोटोग्राफर म्हणाला.

"ती जागा मिलाली का हसेन," वैशालीताई म्हणाल्या.

त्या काही हसल्या नाहीत. पोस्टर छापून आलं, त्यावर मात्र त्या बत्तीस दात दाखवून हसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'संधी सर्वांना.'

*

पोस्टर एक पुरलं असतं. आलं पॅलेटभर, म्हणजे लाकडी पाटावर रचलेली थप्पीच. जाड फळ्यांवर चिकटवलेलं, वजनदार काम. ठेवायला जागा नव्हती, म्हणून साहेबांनी ते पॅलेट बायकांच्या टॉयलेटच्या दाराला लावून ठेवायला सांगितलं. "तिथे गर्दी नसते."

बायका शेजारच्या गोदामात जायला लागल्या. वैशालीताईंनी समितीकडे, म्हणजे माझ्याकडे, तक्रार केली. मी सगळं धैर्य गोळा करून साहेबांकडे गेलो.

"पोस्टरं लागली की पॅलेट हलेल."

"आणि पोस्टरं कधी लागतील?"

"हेड ऑफिसच्या मॅडम उद्‌घाटनाला आल्या की."

*

मॅडम येणार म्हणून तालीम झाली. प्रत्येकाने वेगवेगळ्या राज्याच्या भाषेत स्वागत करायचं ठरलं.

"पोपट, तू दक्षिण भारत."

"सायेब, मी कोल्हापूरपर्यंतच गेलोय."

"चालेल."

*

मॅडम आल्या. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत दुपार गेलेली. गाडीतून उतरल्या, पोपटने दक्षिण भारतातर्फे "रामराम" घातला, तोही त्यांनी घेतला नाही.

"वॉशरूम कुठे आहे?"

साहेबांनी बोट दाखवलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. दारासमोर पॅलेट. रफिकभाईंना साहेबांनीच पाहुण्यांसाठी शहाळी आणायला पाठवलेलं. हाताने ओढायच्या ट्रॉल्या होत्या, पण त्यांच्यावर आम्ही स्टेज बांधलेलं आणि स्टेजवर समई पेटलेली. टोळीने पॅलेटला खांदा लावला. टोळीतले शिंदे एका बाजूने आणि पोपट दुसऱ्या बाजूने ढकलत होते, त्यामुळे ते जागचं हललं नाही.

"फक्त पाच मिनिटं, मॅडम," साहेब म्हणाले. मॅडमचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वैशालीताई फोर्कलिफ्ट घेऊन आल्या. काटे पॅलेटखाली अलगद घातले, स्वतःचे ते सगळे हसरे फोटो वर उचलले, गाडी मागे घेतली आणि पॅलेट भिंतीकडेला ठेवून दिलं. समईची ज्योतसुद्धा हलली नाही. मॅडम पळतच आत गेल्या.

साहेब दबक्या आवाजात ओरडले, "वैशाली, चावी कोणी दिली तुला?"

"तुमीच. फोटोला. मंग परत कोनी मागितलीच नाय."

मॅडम बाहेर आल्या. आता त्यांना पोस्टर दिसलं. त्यांनी पोस्टरकडे पाहिलं, मग सीटवर बसलेल्या वैशालीताईंकडे पाहिलं.

"इथे किती छान हसताय. आज का नाही?"

वैशालीताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण समिती मी होतो आणि मी कधी बोलत नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "ते हसू छापखान्यातलं आहे. यांचं साहेबांकडे पेंडिंग आहे."