कप आला पितृपक्षात

नव्वदच्या दशकात अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगला केबल देणारे एक भाऊ होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळ्यांचे ते केबलवाले भाऊच. दुकानातल्या टीव्हीवर क्रिकेट सोडून ते ऑस्ट्रेलियातला फुटबॉल बघायचे. चेंडू लांबुळका, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून तो झेलणार, आणि गोल झाला की पांढऱ्या कोटातला पंच दोन्ही हातांची बोटं पिस्तुलासारखी पुढे रोखणार. भाऊंनी ती खूणच उचलली होती. आमच्या टीव्हीवर चित्र नीट आलं की बोटं रोखून म्हणायचे, "वहिनी, गोल!"

त्यांचा लाडका क्लब वर्षानुवर्षं हरणारा. "म्हणूनच धरलाय," म्हणायचे. "जिंकणाऱ्याच्या मागे काय, सगळं गाव असतं."

एका सीझनला मात्र तो क्लब जिंकत सुटला आणि चक्क फायनलही मारली. मी पेढे मागायला गेले, तर भाऊ गंभीर. "पितृपक्ष चालू आहे ना वहिनी. पेढे घट बसल्यावर."

सर्वपित्रीला बघते तर दुकानाच्या पत्र्यावर केळीच्या पानात खीर आणि वडे.

"घरचं पान इथे?" मी विचारलं.

"घरचं घरी ठेवलं. हे क्लबच्या म्हाताऱ्यांचं. जन्मभर हरणं बघितलं आणि कप यायच्या आधीच गेले बिचारे. त्यांना कोण सांगणार?"

मला हसू फुटणार, तेवढ्यात कावळा आला आणि थेट पानाला शिवला. भाऊंनी दोन्ही हातांची बोटं त्याच्यावर रोखली.